वेळ तीच, व्यायाम नवा

बचत खात्यात ग्राहकाने सलग दोन वर्षे एकही व्यवहार केला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते खाते निष्क्रिय मानले जाते. व्यायामाच्या संकल्पाला मात्र इतका अवधी लागत नाही. एक जानेवारीस मोठ्या उत्साहाने उघडलेले हे खाते बहुधा संक्रांतीचा तिळगूळ संपण्यापूर्वीच निष्क्रिय होते. नवे बूट कपाटात जातात, घरी आणलेली व्यायामाची सायकल कपडे वाळत घालण्याच्या कामी येते आणि ‘आरोग्य हीच खरी संपत्ती’ हे सुवचन पुढील जानेवारीपर्यंत भिंतीवरच राहते.

असे का घडते, या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर मिळते : आळस. ज्याचा व्यायाम सुटला तो स्वतःच्या इच्छाशक्तीला दोष देतो आणि घरची मंडळी त्याच्या स्वभावाला. हे निदान सोयीचे असले तरी योग्य नाही. जो माणूस तीस वर्षे वेळेवर कचेरी गाठतो, कर्जाचा एकही हप्ता चुकवत नाही, मुलांच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षे काटकसर करतो, त्याच्या इच्छाशक्तीत उणीव आहे असे कसे म्हणावे? उणीव त्याच्या स्वभावात नसून व्यायामाच्या आखणीत असते. बहुतेकांची आखणी दोनपैकी एका टोकाला गेलेली असते. काहीजण रोज तेच, तितकेच आणि तसेच करीत राहतात व अखेर कंटाळतात. काहीजण दर महिन्याला नवे काही सुरू करतात आणि कशातच स्थिरावत नाहीत. या दोहोंमधला मार्ग साधा आहे. व्यायामाची वेळ पक्की असावी, प्रकार बदलता असावा. वेळेच्या स्थिरतेतून सवय जडते आणि प्रकाराच्या नावीन्यातून गोडी टिकते. यांपैकी एक सुटले की दुसरे फार काळ तग धरत नाही.

टेकडी नसलेले शहर

या मुद्द्याची कसोटी बदलीच्या गावी लागते. राष्ट्रीय स्तरावरील बँकेत नोकरी म्हणजे बदली आलीच. पुण्याहून लखनौला बदलून गेलेल्या मध्यमवयीन अधिकाऱ्याचे उदाहरण घ्यावे. गोमतीच्या पलीकडे, शहराच्या उत्तर भागात विकास नगर ही मध्यमवर्गीयांची वसाहत आहे. सेक्टरांत विभागलेली, नोकरदारांनी व निवृत्तांनी गजबजलेली. तेथे घर मिळते, शेजार मिळतो, बाजारही जवळ असतो. मिळत नाही ती टेकडी. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढण्याची ज्याला सवय, त्याच्यासमोर गंगेच्या खोऱ्यातील सपाट भूमी पसरलेली असते. चार-सहा आठवडे तो टेकडीची आठवण काढतो आणि मग ‘पुण्यात जमत होते, इथे जमत नाही’ असे म्हणून व्यायाम सोडून देतो.

त्याचे दुःख खरे आहे, परंतु त्याचा निष्कर्ष चुकतो. त्याने आपली सवय टेकडीशी बांधली होती, पहाटेच्या वेळेशी नव्हे. टेकडी गेली तेव्हा सवयही गेली. ती वेळेशी बांधली असती, तर त्याच घटकेला तो उद्यानात चालला असता, घराच्या गच्चीवर सूर्यनमस्कार घालता किंवा इमारतीचा जिना चार वेळा चढता.

लखनौची हवा तर बदलता व्यायाम जणू सक्तीने शिकवते. मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि दिवसा लू वाहते. डिसेंबर-जानेवारीत दाट धुक्यात समोरचा रस्ता दिसत नाही, आणि त्या दिवसांत उत्तर भारतातील शहरांची हवाही श्वास भरून घ्यावा अशी नसते. मधल्या काळात पावसाळा. बाराही महिने उघड्यावर एकच व्यायाम करीन, असा हट्ट धरणाऱ्यास तेथे वर्षातील निम्मे दिवस तरी घरी बसावे लागेल. या शहरात जो ऋतूप्रमाणे बदलतो, त्याचाच व्यायाम टिकतो.

हा विचार भारतीय वैद्यकाला नवा नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीने आणि इतर काळी त्याहूनही कमी व्यायाम करावा, असे सांगितले आहे. व्यायाम ऋतूनुसार कमी-अधिक करण्याचे शहाणपण इतके जुने आहे. ते विसरून वर्षभर एकच वेळापत्रक लादणे हा तुलनेने अलीकडचा प्रमाद होय.

खांब एक, पकडी अनेक

लखनौच्या मराठी रहिवाशाला या बाबतीत प्रेरणा शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दुसरे बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजेच बिठूरला, जाऊन राहिले. त्यांच्यामागून गेलेल्या मराठी कुटुंबांनी आपली भाषा व देवघरे नेली, तशी तालीमही नेली. मल्लखांबाला नवे रूप देणारे बाळंभटदादा देवधर हे बाजीरावांच्याच आश्रयातील. निजामाकडून आलेल्या मल्लांचे आव्हान स्वीकारून त्यांनी वणीच्या सप्तशृंग गडावर साधना केली आणि झाडांवर लीलया वावरणाऱ्या वानरांकडे पाहून त्यांना मल्लखांबाचे तंत्र सुचले, अशी परंपरा सांगितली जाते. पुढे त्यांची विद्या उत्तरेत काशीपर्यंत पोहोचली. मोरोपंत तांबे यांची कन्या मनकर्णिका, म्हणजेच पुढील काळातील झाशीची राणी लक्ष्मीबाई, बिठूरच्या याच वातावरणात वाढली.

मल्लखांबाचा आरंभ अर्थात बाळंभटदादांच्याही फार पूर्वीचा आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या सरावाच्या खांबाचा उल्लेख येतो. इतक्या शतकांत हा व्यायाम शिळा का झाला नाही? मल्लखांबाकडे नीट पाहिले की उत्तर मिळते. खांब एकच असतो, जमिनीत पक्का रोवलेला. त्यावरचे प्रकार मात्र संपत नाहीत : सलामी, अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल. पुरलेला खांब कंटाळला तर टांगता मल्लखांब आहे, दोरीचा मल्लखांब आहे. एक प्रकार साधला की दुसरा खुणावतो आणि शिकणाऱ्याला उद्या पुन्हा येण्यास कारण मिळते. दादरच्या शिवाजी पार्कवर १९२५ मध्ये स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात आजही मुले खांबावर चढतात. तेथे ही कला शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

जुन्या तालमीचीही घडण अशीच होती. जोर, बैठका, मुद्गल फिरवणे, मल्लखांब, लेझीम, कुस्तीचा डाव आणि मैदानी खेळ असे अनेक प्रकार एकाच छपराखाली नांदत. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांचे व व्यायामप्रकारांचे प्रात्यक्षिक जगासमोर मांडले. तेथे या परंपरेची श्रीमंती पाश्चात्त्यांनीही पाहिली. तालमीत जाणाऱ्या पोराला ‘आज काय करू’ असा प्रश्न पडत नसे आणि ‘आजही तेच का’ अशी तक्रारही करावी लागत नसे. पहाटेची वेळ ठरलेली, आखाड्याची माती ठरलेली आणि उस्तादाच्या पोतडीत रोज काहीतरी निराळे.

औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी युजेन सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले, संस्थानच्या शाळांत त्यांनी तो रुजविला आणि १९२८ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. त्यांनी पद्धत बदलली, परंतु व्यायाम सोडला नाही. प्रत्येक व्यायामप्रेमी माणसाने ध्यानी धरावा असा हा भेद आहे.

रियाजाचा धडा

लखनौशी मराठी माणसाचा आणखी एक नाजूक धागा जुळलेला आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये या शहरात मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी पुढे दीर्घकाळ त्याची धुरा वाहिली. आज ती संस्था भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते. संगीत आणि व्यायाम यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध रियाजात आहे.

गायकाची बैठक ठरलेली असते, तंबोरा तोच आणि षड्जही तोच. तरीही तो रोज एकच सरगम घोकत बसत नाही. अलंकार व पलटे बदलत जातात. सात स्वर क्रम बदलून मांडले तर ५०४० प्रकार होतात, हे साधे गणित आहे. सात स्वरांची पुंजी आयुष्यभर पुरते ती त्यामुळेच. विद्यार्थी पलट्यांत गुंततो आणि नकळत त्याचा गळा तयार होतो. शरीराच्या रियाजालाही हाच न्याय लागू आहे. चालणे, वाकणे, उचलणे, ढकलणे, ओढणे, चढणे आणि तोल सांभाळणे हे शरीराचे सात स्वर मानले, तर त्यांच्या जुळणीतून वर्षभराचा व्यायाम रचता येतो. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत.

शरीर सरावते, हीच अडचण

बदलाची गरज केवळ मनाला नाही, शरीरालाही आहे. ठरावीक ओझे रोज उचलले की काही आठवड्यांत स्नायू त्यास सरावतात. त्यापुढे तेच ओझे मिळवलेले राखण्यापुरते उरते, नवे काही देत नाही. शिवाय रोज तेच सांधे, त्याच दिशेने व तितकेच वापरले की त्यांची झीज व दुखणी वाढतात आणि न वापरलेले स्नायू दुर्बळच राहतात. वर्षानुवर्षे नियमाने फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकालाही जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठणे जड जाते, यामागचे एक कारण हेच. त्यांच्या चालण्यात खोट नसते. केवळ चालणे पुरेसे नसते, इतकेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत. प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, हे त्यातील पहिले कलम बहुतेकांना ठाऊक असते. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचे व्यायाम करावेत, हे दुसरे कलम आणि पासष्टीपुढील व्यक्तींनी किमान तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारे विविध व्यायाम करावेत, हे तिसरे कलम मात्र सहसा वाचलेच जात नाही. विविधता हा शौकाचा विषय नसून आरोग्याच्या सूचनेचाच भाग आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

प्रश्नाचे गांभीर्यही लक्षात घेतले पाहिजे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. स्त्रियांत ते ५७ टक्क्यांच्या आसपास, तर पुरुषांत ४२ टक्क्यांच्या आसपास आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचे दाखविले.

बसून काम करणाऱ्यांना तर १९५३ मधील एक अभ्यास आजही विचार करायला लावील. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची तुलना केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढून-उतरून तिकिटे देणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. गाडी एक, मार्ग एक, मालकही एक. मुख्य फरक हालचालीचा. बँकेच्या काउंटरमागे किंवा संगणकासमोर आठ तास बसणारा कर्मचारी या गोष्टीत स्वतःला कोणत्या आसनावर पाहतो, हे त्यानेच ठरवावे.

आठवड्याचे अंदाजपत्रक

जाणकार गुंतवणूकदार सारी पुंजी एकाच योजनेत घालत नाही. काही मुदत ठेवीत, काही भविष्य निर्वाह निधीत, काही हाताशी अशी तो विभागणी करतो. व्यायामाच्या तीस-चाळीस मिनिटांचीही तशीच विभागणी करता येते. आठवड्यातील दोन दिवस चालण्याचे असावेत, परंतु एकसुरी नव्हेत : दोन मिनिटे झपाट्याने, दोन मिनिटे संथ, असे आलटून पालटून. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर यांनी धावपटूंसाठी वेगाच्या अशाच चढउताराची पद्धत रूढ केली होती. दोन दिवस बळाचे असावेत : बैठका, भिंतीला किंवा जमिनीला टेकून जोर, जिना चढणे. एक दिवस सूर्यनमस्कार व आसनांचा. एक दिवस खेळाचा, मग ते बॅडमिंटन असो वा नातवंडांबरोबरचे लंगडी-पळापळीचे खेळ. आणि रविवार मोकळ्या हवेतील लांब फेरीसाठी. विकास नगरातील रहिवाशाला कुकरैलचे वन फार दूर नाही. १९७८ पासून तेथे घडियाल मगरींच्या संवर्धनाचे केंद्र आहे. मुलांना घेऊन गेल्यास सहल आणि व्यायाम दोन्ही साधतात.

धुक्याच्या दिवसांत याच अंदाजपत्रकातील चालणे घरातील जागच्या जागी चालण्यात किंवा सूर्यनमस्कारात वळते करावे. उन्हाळ्यात जोर-बैठकांची संख्या कमी करून आसनांना अधिक वाव द्यावा. वेळ मात्र हलवू नये. सकाळचा चहा झाला की व्यायाम, असा क्रम एकदा बसला की काय करायचे हे दिवस ठरवितो, कधी करायचे हे विचारावे लागत नाही. ज्यांना हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह वा सांधेदुखी आहे, त्यांनी नवा प्रकार सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अर्थातच आवश्यक आहे.

हप्ता चुकला म्हणून खाते बंद नाही

उमेद टिकत नाही ही दुसरी तक्रार. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आधी उमेद येईल आणि मग व्यायाम सुरू होईल, अशी वाट पाहणारे वाटच पाहत राहतात. वस्तुतः उमेद ही व्यायामाची पूर्वअट नसून त्याचे व्याज आहे. ते मुद्दल भरल्यानंतरच जमा होऊ लागते.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नवी कृती अंगवळणी पडण्यास मध्यमान ६६ दिवस लागल्याचे आढळले. व्यक्तिपरत्वे हा काळ १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता. पंधरा दिवसांत सवय लागली नाही म्हणून खंत करणाऱ्याने हे आकडे पाहावेत. त्याहून दिलासा देणारी गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत फारसा अडथळा आला नाही. आवर्ती ठेवीचा एक हप्ता चुकला म्हणून कोणी ठेव मोडीत नाही, पुढचा हप्ता भरतो. व्यायामात मात्र एक दिवस बुडाला की सारे संपले असे मानण्याची रीत आहे. हानी चुकलेल्या दिवसाने होत नाही, त्यानंतरच्या निराशेने होते.

पैसे भरले म्हणजे जाणे भागच पडेल, या समजुतीचीही परीक्षा झालेली आहे. स्टेफानो डेलाविग्ना आणि उल्रिके माल्मेंडिएर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील व्यायामशाळांच्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. दरमहा ७० डॉलरांहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-सव्वाचार वेळाच येत. त्यांना प्रत्येक फेरी १७ डॉलरांहून महाग पडे, वास्तविक दहा डॉलरांत एक फेरी देणारा पास तेथेच उपलब्ध होता. वर्गणीने व्यायामशाळेचा हिशेब जुळतो, सभासदाचा जुळेलच असे नाही.

मग उमेद कशाने टिकते? मराठी लोकजीवनात याची उत्तरे आहेत. मंगळागौरीच्या रात्री फुगडी, झिम्मा, पिंगा यांसारखे खेळ खेळणाऱ्या स्त्रियांना कोणी व्यायामाचा उपदेश केलेला नसतो. गाण्याचा ठेका असतो, मैत्रिणींची साथ असते आणि एका खेळामागून दुसरा खेळ येत राहतो. दमछाक होते, पण कंटाळा येत नाही. गावच्या जत्रेतील कुस्त्यांच्या फडासाठी महिनोन्महिने घाम गाळणाऱ्या पैलवानापुढे एक ठरलेली तिथी असते. आषाढीची वारी तर आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाते. दिवस ठरलेला, दिंडी ठरलेली, पण वाटेत भजन आहे, रिंगण आहे, खेळ आहेत. साथ, ताल, तिथी आणि वैविध्य ही चार सूत्रे लोकपरंपरेने कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ओळखली होती.

आजच्या नागरी जीवनात त्यांना आजची रूपे देता येतील. सेक्टरमधील चार शेजाऱ्यांनी एकत्र फिरायला निघावे. कोणीतरी फाटकाशी वाट पाहत आहे, ही जाणीव गजराच्या घड्याळापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. परक्या शहरात नव्याने आलेल्या कुटुंबाला यातून शेजारही लाभतो. मंगळागौरीचे खेळ श्रावणापुरते न ठेवता महिन्यातून एकदा खेळता येतील. घर आणि नोकरी यांत सकाळ हरवून बसलेल्या गृहिणीसाठी अर्धा तास मोकळा करणे ही मात्र घरातील इतरांची जबाबदारी आहे. ५७ टक्क्यांचा आकडा स्त्रियांच्या आळसाचा नसून कुटुंबाच्या वेळापत्रकाचाही आहे. तिथी हवी असेल, तर २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनपासून अनेक शहरांतील छोट्या दौडींपर्यंत पर्याय आहेत. आणि पासबुकाप्रमाणे एक वही असावी. त्यात दिवस, प्रकार व मिनिटे इतकीच नोंद पुरे. महिनाअखेरीस जमा बाजू पाहिल्यावर जे समाधान मिळते, ते पुढील महिन्याचे भांडवल ठरते.

नावीन्याचा अतिरेक नको

या विवेचनाचा अर्थ रोज नवे खूळ घ्यावे, असा मात्र नव्हे. आज झुंबा, उद्या सायकल, परवा धावणे आणि तेरवा काहीच नाही, ही धरसोड विविधतेच्या नावाखाली खपवली जाते. प्रत्येक प्रकाराला रुजण्यासाठी किमान काही आठवडे दिलेच पाहिजेत. ठरावीक चार-पाच प्रकारांचे चक्र फिरते ठेवावे आणि दोन-तीन महिन्यांनी त्यातील एखादाच बदलावा. सणाच्या उत्साहाबद्दलही हेच म्हणता येईल. २१ जून २०१७ रोजी आंतरराष्ट्रीय योग दिनाचा मुख्य कार्यक्रम लखनौत झाला आणि भर पावसात हजारो नागरिकांनी आसने केली. ते दृश्य प्रेरक होते, यात शंका नाही. परंतु शरीराचे भवितव्य त्या एका दिवसावर नव्हे, तर उरलेल्या ३६४ दिवसांवर ठरते, आणि त्या दिवसांना ना व्यासपीठ असते, ना टाळ्या.

निवृत्तीनंतरच्या आयुष्याची तरतूद हा बँकेत वारंवार निघणारा विषय. निवृत्तिवेतन किती बसेल, ठेवी कोठे ठेवाव्यात, नामनिर्देशन झाले आहे का, याची चौकशी प्रत्येकजण करतो आणि ती योग्यच आहे. त्याच चौकटीत आणखी एक प्रश्न विचारला जावा : त्या वयात बाजारातून पिशवी घेऊन घरी येता येईल का, नातवाला उचलता येईल का, पंढरीची किंवा काशीची वाट स्वतःच्या पायांनी चालता येईल का? या तरतुदीला कर्जाची सोय नाही, हमीदार चालत नाही आणि वारसाला ती हस्तांतरितही करता येत नाही. तिचा हप्ता ज्याचा त्यानेच, रोज ठरल्या वेळी आणि शक्य तितक्या निरनिराळ्या नाण्यांत भरावा लागतो. उद्याची सकाळ त्यासाठी पुरेशी आहे.